पुलावरची पाचवी

९ सप्टेंबर, मंगळवार

खाड्! गुरुजी टेबलावर लाकडी डस्टर आपटायचे, तो आवाज. त्या आवाजासरशी आमचा चौथीचा अख्खा वर्ग गाडीवानाच्या कवितेचं पहिलं कडवं एका सुरात उचलायचा. बाहेर वर्ध्याच्या रस्त्यावरून खरीच एखादी बैलगाडी चालली असली, तर आमची चाल आपोआप तिच्या घुंगरांवर बसायची. गुरुजी डोळे मिटून घ्यायचे. मीही मिटायचो. अजून मिटतो.

आज दुपारी अगदी तोच आवाज घरात झाला आणि मी खरोखर पहिलं कडवं सुरू केलं. मग कळलं, मुक्ताईच्या पेटीचं झाकण पडलं होतं. सदऱ्याला बटण लावायचं म्हणून दोरा शोधत होतो. ते झाकण भिंतीला टेकवून ठेवावं लागतं, हे मुक्ताई, माझी बायको, असताना तिला ठाऊक होतं, आणि ती गेल्यावर मी शिकलो होतो. आज विसरलो.

समोरच्या राधाताई धावत आल्या. "पडलात?"

"मी नाही. झाकण."

"मग ओरडलात कशाला?"

"ओरडलो नाही. कविता म्हणत होतो."

"देवा," म्हणाल्या आणि दारातच चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. त्यांना मोठ्या आवाजाची फार भीती वाटते, असं दिसतं.

पेटीला मात्र लागलं. झाकणावरच्या शिंपल्याच्या नक्षीतला एक तुकडा निखळून उडाला. मी चष्मा शोधेपर्यंत राधाताई मोबाइलचा उजेड पाडत पलंगाखाली वाकल्यादेखील. तुकडा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. एका बाजूने हिरवा, वळवला की गुलाबी. झाकणावरच्या चित्रात पुलावर जी एकटी उभी आहे, तिची बाही. मी तो कुठेतरी ठेवीन आणि विसरेन, म्हणून त्यांनी आपल्या पर्समधल्या कानातल्यांच्या डबीत ठेवला. "माझ्याकडे सुरक्षित राहील," म्हणाल्या. शाळेत बाई होत्या. वस्तू जप्त करायची सवय जात नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

राधाताई दोन वर्षांपासून समोर एकट्याच राहतात, पण पेटीवर कायम इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, म्हणून त्यांनी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. आज ढीग हलवला आणि पेटी गॅलरीत उन्हात ठेवली.

उन्हात ती निराळीच दिसते. लाकूड काळसर, जड, शिसवासारखं पण त्याहून घट्ट. कोपऱ्यांना पितळ. चारी अंगांना शिंपल्याचे तुकडे लाकडात बसवून काढलेल्या वेली, फळं आणि वटवाघळं. (वटवाघळं कशाला, ते मला कधी कळलं नाही. मुक्ताई त्यांना पाकोळ्या म्हणायची आणि विषय संपवायची.) आणि झाकणावर चित्र. एक बाग, एक वाकडं झाड, एक वाकडाच पूल, खाली बारीक रेघांचं पाणी. पुलाच्या अलीकडून चौघी चालल्या आहेत. पायघोळ झगे, वर बांधलेले अंबाडे, हातात काही ना काही. पलीकडच्या टोकाला पाचवी. तिचे हात रिकामे.

"कुठून आली ही?" राधाताईंनी विचारलं.

मी सांगितलं. खडकीच्या छावणीत एका बंगल्यात एक म्हाताऱ्या मिसबाई राहायच्या. मुक्ताई त्यांचे झगे शिवून द्यायची. त्यांना तिचा हात फार आवडायचा. बंगला सोडताना त्यांनी सगळं वाटून टाकलं आणि ही चिनी पेटी मुक्ताईला दिली. मुक्ताईने तिच्यात बॉबिनी, खडू आणि बटणं भरली. अजून तेच आहे.

"आणि या कुठं निघाल्यात चौघी?"

"पापड लाटायला. मुक्ताई म्हणायची, बघा, हिच्या हातात लाटणं, हिच्या हातात पोळपाट, हिच्याकडे पापडाच्या पिठाचा लांबलचक पाट, आणि चौथीनं घडी करून धोतर आणलंय वाळत घालायला."

राधाताई इतक्या हसल्या की खालून सोसायटीच्या आप्पासाहेबांनी मान वर करून पाहिलं. मग राधाताईंनी चष्मा लावून चित्र जवळून पाहिलं. "कपाळावर हे लाल काय आहे?"

कुंकू. आमच्या दारूगोळा कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा मोठी व्हायची. लेथपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. मी ड्रॉइंग ऑफिसात, तर माझी कंपासपेटी आणि टी-स्क्वेअर घरी पुजायचो. मुक्ताई तिचं शिलाई मशीन पुजायची. पेटी आली त्या पहिल्याच वर्षी म्हणाली, मशीनला कुंकू, कंपासला कुंकू, मग या बिचाऱ्या बायकांनीच काय केलंय? आणि दर खंडेनवमीला एकेकीच्या कपाळाला बोट टेकवायची. शिंपल्यावर चेहऱ्याच्या बारीक रेघा कोरलेल्या आहेत, त्यांत कुंकू भरत गेलं. आता त्या चौघी कायमच्या सवाष्णी.

"पाचवीला नाही लावलं?"

"नाही. मुक्ताईचं म्हणणं, ती एकटी आहे, हातात काही नाही, विधवा असणार. तिला लावलं तर बाकीच्या चौघी काय म्हणतील?"

"म्हणजे चीनमध्येही शेजारणी असतातच," राधाताई म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

जाता जाता त्यांनी सांगितलं की दिवाळी झाली की त्या नागपूरला जाणार, कायमच्या. मुलगा अनिरुद्ध तिकडे आहे, घर मोठं आहे, त्याने टेम्पोसुद्धा सांगून ठेवला आहे. "इथं थांब म्हणणारं कुणी असतं तर गोष्ट वेगळी," म्हणाल्या.

खरं आहे. या सोसायटीतली माणसं फार कोरडी. आप्पासाहेब सेक्रेटरी, पण पाण्याच्या टाकीपलीकडे एक शब्द बोलत नाहीत. कवितेला श्रोता मिळाला होता, तोही चालला.

१४ सप्टेंबर, रविवार

डिंक आणायला बुधवार पेठेत गेलो होतो. दुकानदाराला पेटीची सगळी हकीकत सांगितली, मिसबाईंपासून. त्याने ऐकून घेतलं आणि एक ट्यूब काउंटरवर टाकली. "सगळं चिकटतं."

"लाकूड जुनं आहे हो. खराब नाही ना होणार?"

"काका, माझं दुकान बाराला उघडलं. तुमची गोष्ट संपेपर्यंत एक वाजला. खराब माझा धंदा होतोय."

ट्यूब न घेता आलो. संध्याकाळी रुपालीचा फोन. माझी लेक पिंपळे सौदागरला राहते, दर रविवारी फोन करते आणि गोळ्या घेतल्या का विचारते. पेटीचं ऐकून म्हणाली, "ट्यूब नको हं बाबा! माझ्या मैत्रिणीची मुलगी चैताली म्युझियमच्या वस्तू दुरुस्त करते, तिला पाठवते." मग म्हणाली, "राधामावशी जाणार म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. बाबा, तुम्हाला कसं वाटतंय?"

"वाईट वाटणारच. कवितेची चाल त्यांच्याइतकी कुणाला येत नाही."

"चाल," रुपाली म्हणाली. "बरं. गोळ्या घ्या."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चैताली येऊन गेली. केस आखूड, पाठीवर केवढी तरी सॅक, वागायला मोकळी. आल्या आल्या पेटीला हात न लावता तिच्याभोवती मांजरासारखी फिरली. मग दिव्याचं भिंग डोळ्याला लावलं.

राधाताईही आल्या होत्या. तुकडा त्यांच्याकडे होता ना.

"आजोबा, मस्त पीस आहे," चैताली म्हणाली. "ही वटवाघळं त्यांच्याकडे शुभ समजतात. फळं दीर्घायुष्याची. पण हे लाल काय केलंय?"

सांगितलं. पापडापासून सगळं.

तिने ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होती. "सॉरी आजोबा. पण या बायका नाहीत."

"म्हणजे?"

"पुरुष आहेत सगळे. विद्वान लोक. ते अंबाडे म्हणजे त्या काळची केस बांधायची पद्धत. लाटणं नाही ते, गुंडाळलेलं चित्र. पोळपाट म्हणजे सोंगट्यांच्या खेळाचा पट. पिठाचा पाट म्हणता ते तंतुवाद्य आहे. आणि धोतर नाही हो, पुस्तक आहे."

मी राधाताईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. चार विद्वान मित्र बागेत गाणं-वाचन करायला निघाले होते आणि आमच्या घरात इतकी वर्षं ते खंडेनवमीला कुंकू लावून घेत होते! तोंडातून ब्र नाही!

"आणि हा पाचवा?" राधाताईंनी विचारलं.

"तो मित्रच असणार. निरोप घेऊन चाललाय की या चौघांची वाट बघत थांबलाय, ते चित्रावरून कळत नाही. पुलावर उभा आहे एवढं खरं."

बाही ती गरम सरसाने बसवणार आहे. सामान घेऊन बुधवारी परत येईल. कुंकवाचं म्हणाली, "तेही काढून देते. मूळच्या रेघा काळ्या आहेत, लाल सगळं वरचं. काढलं तर पेटी जशी होती तशी दिसेल."

मी विचार करायला वेळ मागितला. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला विचार करायला काय लागतंय. पण ते लाल म्हणजे मुक्ताईचं बोट आहे. घरात तिच्या हाताची खूण म्हणून आणखी काय उरलंय? भिंती रंगवल्या. भांडी रुपालीने नेली.

२१ सप्टेंबर, रविवार

दोन ओळी जुळल्या:

*पूल ओलांडून कुणी आले, की जायला निघाले?*
*शिंपल्याच्या चांदण्याला तेवढेच ना कळले.*

राधाताईंना वाचून दाखवल्या. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "यमक बरं आहे. 'तेवढेच' जरा भरतीचं वाटतं." थोड्या वेळाने, "आणि चांदण्याला नसेल कळलं, पण पुलावरच्या माणसाला विचारायचं ना कुणीतरी."

सूचना चांगली आहे. तिसरी ओळ प्रश्नार्थक करून बघायला हवी.

२४ सप्टेंबर, बुधवार

बाही बसली! चैतालीने सरस गरम केला, केसाएवढ्या ब्रशने लावला, तुकडा चिमट्याने ठेवला आणि वर कापडाची पुरचुंडी ठेवून वजन म्हणून माझा जुना पितळी पेपरवेट. तिघंही श्वास रोखून बसलो होतो. तुकडा राधाताईंनी डबीतून स्वतः काढून दिला आणि डबी मिटताना म्हणाल्या, "माझं काम झालं."

आज एक गंमत झाली. चैताली गेल्यावर मी चहा टाकला आणि म्हटलं, "राधाताई, साखर किती?"

"तुम्हाला माहीत आहे किती. आणि ताई म्हणायची काही सक्ती नाहीये."

मला ते पटलं. आम्ही एका वयाचे, त्यातून त्या काही वर्षांनी लहानच. ताई म्हणणं चूक. मग मी म्हटलं, "बाईच म्हणतो. शाळेतल्यासारखं. राधाबाई!"

त्यांनी कपाकडे बराच वेळ पाहिलं. "ताईच बरं," म्हणाल्या.

त्यांच्या घरात खोक्यांची रांग लागली आहे. दार उघडं होतं तेव्हा दिसलं. खोकी तशीच कोरी, एकातही काही भरलेलं नाही. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

२८ सप्टेंबर, रविवार

कुंकू ठेवायचं, असं ठरवलं. चैतालीला फोन केला. ती म्हणाली, "तुमची पेटी, आजोबा. नाहीतरी तेही आता पेटीच्या गोष्टीतलंच झालं." समजूतदार मुलगी.

पण मनात एक गाठ आहे. मुक्ताईने ज्या पाचवीला कुंकू लावलं नाही, ती बाई नाही आणि विधवाही नाही, हे आता कळलं आहे. मग तिला, म्हणजे त्याला, वगळायचं कशासाठी? कसल्याच गुन्ह्याशिवाय इतकी वर्षं कोरडं कपाळ घेऊन उभं राहायचं आणि चौघं समोरून कुंकू मिरवत येताना बघायचं. पण मुक्ताईने जे ठरवलं, ते मी बदलावं का? ती असती तर काय म्हणाली असती? मला वाटतं, आधी भांडली असती आणि मग स्वतःच करंडा आणला असता. ती तशीच होती. भांडण आधी, माया मागाहून.

रुपालीला हे सांगितलं. तिने फोनवर नाक ओढलं. मग म्हणाली, "बाबा, आईचं काहीही म्हणणं नसतं. खरंच नसतं." तिचा आवाज ओला वाटला. सर्दी असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी कंपासपेटी, टी-स्क्वेअर, शिलाई मशीन पुसून घेतलं. शिरा केला. साखर जरा जास्त पडली. राधाताईंना बोलावलं. हिरवी साडी नेसून आल्या, झेंडूची फुलं घेऊन.

पूजा केली. मग पेटीवरच्या चौघांना, बोटाचं टोक जेमतेम टेकवत. मुक्ताई लावायची तसंच, अनामिकेने.

"पुरुषांना कुंकू लावता?" राधाताई म्हणाल्या.

"टिळा समजा."

मग पाचव्याजवळ आलो. हात थांबला. राधाताई माझ्याकडे बघत होत्या, चित्राकडे नाही. मी मनात मुक्ताईला म्हटलं, बघ बाई, आता पुरे झालं. आणि लावलं. शिंपल्याच्या पांढऱ्या कपाळावर एवढंसं लाल. इतकी वर्षं जे चित्र मला अर्धवट वाटायचं, ते आज पुरं झालं. पाचही जण एका घरचे दिसायला लागले.

शिरा खाऊन त्या निघाल्या. मुक्ताईचा नियम होता, खंडेनवमीला घरी आलेली बाई कुंकू न लावता परत जायची नाही. आता घरात लावणारी नाही, म्हणून मीच करंडा पुढे केला. त्यांनी करंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला?"

"आमच्या घरचा नियम आहे."

"माझे हात शिऱ्याचे आहेत," त्या म्हणाल्या. हात त्यांनी मघाशीच माझ्यासमोर धुतले होते, पण मी वाद घातला नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "तुम्हीच लावा."

बोटाला कुंकू उरलंच होतं. लावलं.

कपाळ गार होतं. टिकली वाटोळी आली नाही. ड्रॉइंग ऑफिसात असं वर्तुळ काढलं असतं तर साहेबांनी कागद फाडला असता. त्या परत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, गाडीवानाची कविता म्हणा. सगळी म्हटली. आज पहिल्यांदाच त्यांनी मधे चाल दुरुस्त केली नाही.

नंतर गेल्या. जिन्यात आप्पासाहेब टाकीचा कॉक बघायला चालले होते. ते राधाताईंच्या कपाळाकडे, मग माझ्या दाराकडे बघत राहिले आणि तसेच खाली गेले. टाकी राहिली.

आजचा दिवस फार छान गेला. का, ते नीट सांगता येत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आपट्याची पानं द्यायला सोसायटीत फिरलो. आप्पासाहेबांनी पानं घेतली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "अभिनंदन, रंगराव. या वयात असं धाडस! आम्हाला नसतं जमलं."

पेटीची दुरुस्ती त्यांच्या कानावर गेली, बरं वाटलं. तसा माणूस वाईट नाही.

राधाताईंकडे दोनदा गेलो. दार उघडलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

राधाताई गेल्या. दाराला कुलूप आहे.

आप्पासाहेबांकडून कळलं. दसऱ्याच्या सकाळीच गाडीने नागपूरला. मी पानं घेऊन उभा होतो, तेव्हा त्या कदाचित अहिल्यानगरच्याही पुढे गेल्या असतील. मला सांगितलं नाही. दिवाळीनंतर जाणार होत्या, दिवाळीची वाटही पाहिली नाही.

आप्पासाहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. वेळ द्या." म्हणजे काय, ते विचारलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

गच्चीवर सगळे जमले होते. आटीव दूध चांगलं झालं होतं, केशर जरा जास्त. मी लवकर खाली आलो. पेटी गॅलरीत आणून ठेवली. चंद्राच्या उजेडात शिंपला हिरवा-गुलाबी होत नाही, नुसता पांढरा राहतो. कुंकू काळं दिसतं.

आता विचार करतो तेव्हा कळतं, मी काय केलं. नवरा गेलेल्या बाईच्या कपाळाला परक्या पुरुषाने कुंकू लावलं. विचारलं नाही, काही नाही. त्या शिष्टाचाराने गप्प राहिल्या, कविता ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेल्या. चित्रातल्या माणसाला न्याय देण्याच्या नादात मी समोरच्या माणसाचा अपमान केला. मुक्ताई असती तर डोक्यात लाटणं घातलं असतं. खरंखुरं लाटणं, चित्र नव्हे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

फोन करावा का? काय म्हणू? "क्षमा करा, बोटाला उरलं होतं"? दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला.

आणि क्षमा तरी कशाची मागू, हेही नीट कळत नाही. कुंकू लावल्याबद्दल मागायला हवी, पण लावल्याचं दुःख होत नाहीये, हा घोटाळा आहे. दुःख त्या गेल्या याचं आहे. हे दोन्ही एकाच क्षमेत कसं बसवायचं?

कविता म्हणायचं बंद आहे. घशाला काही झालेलं नाही.

रुपालीचा फोन आला, रविवार नसताना. राधाताई गेल्याचं सांगितलं. "मला माहीत आहे," म्हणाली, आणि चक्क हसली. आजकालच्या मुलांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

हे उभ्याउभ्या लिहितो आहे. ओट्यावर वही ठेवली आहे, अक्षर वाकडं येतंय, इलाज नाही. शब्द आहेत तसे आत्ताच लिहून ठेवले नाहीत तर नंतर मी ते कवितेसारखे बदलीन.

सकाळी रुपाली फोनवर म्हणाली, "बाबा, आज घरीच आहात ना? बनियनवर बसू नका." मी विचारलं का, तर म्हणाली, उगाच.

पाच मिनिटांपूर्वी बेल वाजली. टाकीवाले असतील म्हणून बनियनवरच दार उघडलं. दारात एक उंच गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. फोटोत पाहिलेला चेहरा. अनिरुद्ध. राधाताईंचा मुलगा, नागपूरचा.

मला वाटलं सामान न्यायला आला. म्हटलं, "तुमचं दार समोरचं. टेम्पो आला का?"

"टेम्पो रद्द केला, काका. मी तुमच्याकडे आलोय. आत येऊ?"

आत आला. नारळ कुठे ठेवावा हे त्याला कळेना, मलाही कळेना. शेवटी त्याने तो हातातच धरला. बसला, उठला, पुन्हा बसला. मग एकदम म्हणाला, "हे बघा, आईच्या माहेरचं आता कुणी उरलं नाही. मामा मागच्याच वर्षी गेले. तेव्हा मुलीकडचा म्हणून मलाच यावं लागलं. काही चुकलं तर सांभाळून घ्या, मी हे आधी केलेलं नाही."

"काय केलेलं नाही?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अगदी त्याच्या आईसारखं, कपाकडे पाहिल्यासारखं. "काका, आईच्या कपाळाला कुंकू तुम्ही लावलंत की नाही?"

"लावलं."

"चुकून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बोटाला उरलं होतं, असं म्हणणार होतो. ते शब्द आले नाहीत. दुसरेच आले. "नाही," मी म्हटलं. "चुकून नाही." आणि हे आपण आत्ताच ऐकलं, असं मलाच वाटलं.

अनिरुद्धने सुस्कारा सोडला आणि कपाळ पुसलं. "रुपालीताई तेच म्हणत होत्या. म्हणाल्या, बाबांना कळायला थोडा वेळ लागतो, पण कळतं. माझी तर तिकडे झोप उडाली होती. आई आली, समोर बसली आणि म्हणाली, मी तुझी परवानगी मागत नाही, तुला कळवतेय."

"त्या कुठे आहेत?"

"खाली. रिक्षात."

"वर का नाही आल्या?"

"म्हणाली, आधी जाऊन विचारून ये. नाही म्हणाले तर हीच रिक्षा स्टेशनला परत घ्यायची. त्यांच्या समोरच्या दारात राहून रोज त्यांचं तोंड बघणं मला झेपणार नाही. मी रिक्षावाल्याला थांबवून ठेवलंय, तो कुरकुर करतोय."

पाणी आणतो म्हणून मी आत आलो, तो हा असा वहीपाशी थांबलो. अनिरुद्ध बाहेरून विचारतोय, "काका, मी खाली जाऊन काय सांगू?"

काही सांगू नको. तीन जिने मीच उतरतो. चप्पल सापडत नाहीये. तसाच जातो.